विठाबाई : टाळ्या आणि देणे



पनवेलच्या या व्याख्यानासाठी मी विषय निवडला आहे विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. तमाशासम्राज्ञी म्हणून महाराष्ट्राला त्यांचे नाव ठाऊक आहे. पण नाव ठाऊक असणे आणि आयुष्य ठाऊक असणे यांत अंतर आहे. विठाबाईंच्या बाबतीत ते फार मोठे आहे, आणि ते तसे राहण्यात आपला सगळ्यांचा वाटा आहे. म्हणून आज हा विषय.

पनवेलात हा विषय का, असे कुणी विचारील. नारायणगाव घाटावर, आपण घाटाखाली. पण कळंबोलीच्या लोखंड बाजारात, तळोज्याच्या कारखान्यांत, वाशीच्या बाजार समितीत घाम गाळणाऱ्यांपैकी कितीतरी जण जुन्नर, आंबेगाव, शिरूर, साताऱ्याकडचे आहेत. चैत्र लागला की त्यांचे पाय गावच्या जत्रेकडे वळतात. जत्रेची वर्गणी इथून जाते आणि तिचा मोठा भाग तमाशाच्या सुपारीवर खर्च होतो. म्हणजे तमाशाचा फड ज्या पैशावर उभा राहतो त्यातला काही पैसा पनवेल परिसरात कमावलेला असतो. दुसरे असे की, याच पनवेल-उरण-पेण पट्ट्यात आगरी लग्नांतून धवला गाणाऱ्या धवलारिणी आहेत. बाईने गायचे, सगळ्यांनी ऐकायचे आणि गाणे संपल्यावर तिला विसरून जायचे, ही रीत आपल्यालाही परकी नाही.

विठाबाईंचे घराणे तमाशाचे. आजोबा नारायण खुडे यांनी फड उभा केला. वडील भाऊ आणि चुलते बापू यांनी तो नावारूपाला आणला. 'भाऊ-बापू मांग नारायणगावकर' ही जोडी घाटावरच्या गावागावांत माहीत होती. हे कुटुंब मूळचे शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाईचे. जात मांग. आपल्या गावगाड्यात मांगाच्या वाट्याला आलेल्या कामांत हलगी वाजवणे हे एक काम. लग्न असो, वरात असो की देवाची पालखी असो, हलगी पाहिजे असे. मात्र ती वाजवणाऱ्याला देवळाची पायरी चढायची मुभा नव्हती. ज्याच्या वाद्यावाचून मंगलकार्य सुरू होत नसे, त्याचाच स्पर्श अमंगळ मानला जाई. अशा व्यवस्थेत या माणसांनी त्याच वाद्याच्या बळावर स्वतःचा रंगमंच उभारला. नावामागे लावलेली जात त्यांनी लपवली नाही. फडाच्या फलकावर ती मोठ्या अक्षरांत लिहिली. हे धाडस आहे, आणि विठाबाईंच्या कर्तृत्वाची मोजणी त्यापासून सुरू केली पाहिजे.

जुलै १९३५ मध्ये पंढरपुरात त्यांचा जन्म झाला. पंढरीत जन्मली म्हणून मुलीचे नाव विठा. फडावरच्या मुलांचे बालपण राहुटीत जाते. रात्री खेळ, पहाटे सामान बांधायचे, दिवसा पुढचे गाव. शाळेची ओळख होते न होते तोच वाट बदलते. विठाबाईंना वेगळी तालीम कुणी दिली नाही. जे कानावर पडले ते गळ्यात उतरले आणि जे डोळ्यांनी पाहिले ते पायांत आले. मुलगी लहानपणीच बोर्डावर उभी राहिली आणि वडील-चुलत्यांच्या फडाची ओळख हळूहळू तिच्या नावाने होऊ लागली.

तरुण श्रोत्यांपैकी अनेकांनी कनातीतला तमाशा पाहिला नसेल, म्हणून त्याची बांधणी थोडक्यात सांगतो. आधी गण, मग गवळण. गवळणीत पेंद्या आणि मावशी येतात आणि पांढरपेशा नाटकाला जमणार नाही असा हजरजबाबी विनोद उसळतो. मग बतावणी, रंगबाजीच्या लावण्या आणि शेवटी वग. ढोलकी, हलगी, तुणतुणे, कडे, झांज ही वाद्ये. गाणाराने ओळ टाकली की मागचे सुरत्ये ती उंच स्वरात झेलतात आणि 'जी जी' करून परत त्याच्या हाती देतात. ढोलकीवाला गाणारीच्या पायांकडे पाहून तोडा वाजवतो, आणि ती त्याच्या थापेवर पुढची हरकत घेते. हा सगळा खेळ रात्रभर, पहाटेपर्यंत चालत असे.

या बांधणीत कलावतीला नाचता येऊन भागत नाही. तिला गाता आले पाहिजे, अर्थ चेहऱ्यावर आणता आला पाहिजे, सोंगाड्याच्या टोमण्याला जागच्या जागी उत्तर देता आले पाहिजे, आणि मध्यरात्रीनंतर वग सुरू झाला की तिथे राणी, सून, आई किंवा बंडखोर बाई म्हणून उभे राहता आले पाहिजे. विठाबाई या चारही कसोट्यांना उतरल्या. त्यांना सौंदर्याची, अदाकारीची प्रशस्ती भरपूर मिळाली. पण हजारोंच्या, मोकळ्या माळावरच्या, शिट्ट्या मारणाऱ्या जमावाला कह्यात ठेवायचे, त्याला हसवता हसवता वगातल्या करुण प्रसंगाशी नेऊन गप्प करायचे, हे काम बुद्धीचे आहे. बंदिस्त नाट्यगृहात अंधार करून मिळणारी शांतता तिथे नसते. ती कलावंताने स्वतः कमवायची असते. विठाबाईंना नटी म्हणून, गायिका म्हणून जे श्रेय द्यायला हवे होते ते आपल्या रंगभूमीच्या इतिहासाने तोकडेच दिले.

हा काळही सोपा नव्हता. विठाबाई अजून लहान असताना, स्वातंत्र्याच्या सुमारास, मुंबई प्रांतातल्या बाळासाहेब खेर यांच्या सरकारने तमाशावर बंदी घातली. अश्लीलता हे कारण. पुढे संहिता तपासून घेण्याच्या अटीवर ती उठली. काही खेळांत गावठी चावटपणा होता हे खरेच. पण शृंगार संस्कृत नाटकात आला की रस आणि फडावर आला की अश्लील, हा न्याय कुठला? त्या बंदीने ज्यांची चूल विझली ती घरे बहुतेक मांग, महार, कोल्हाटी समाजांची होती. याच सुमारास, याच मांग, म्हणजेच मातंग, समाजातून आलेले अण्णाभाऊ साठे तमाशाला लोकनाट्याचे रूप देऊन गिरणगावात कामगारांसमोर उभे राहत होते. एकाच मुळाच्या या दोन फांद्या आहेत. अण्णाभाऊंनी लेखणी धरली, विठाबाईंनी चाळ बांधले. दोघांच्याही कलेला भाकरीचा प्रश्न विचारत जगावे लागले.

कलेला टाळ्या आणि कलावंताला उपेक्षा हे दुसरीकडेही दिसते, म्हणून आता थोडे लांब जाऊ. अमेरिकेच्या दक्षिण भागात गुलामगिरी कायद्याने १८६५ मध्ये संपली, पण कापसाच्या शेतांवरचे कष्ट आणि अपमान संपले नाहीत. त्या शेतांत, चर्चमध्ये, रस्त्याच्या कडेला कृष्णवर्णीयांनी जे गाणे घडवले त्याला 'ब्लूज' म्हणतात. त्याचा नेहमीचा साचा साधा आहे. पहिली ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचे. एकाने हाक द्यायची, बाकीच्यांनी ओ द्यायची, ही पद्धत त्याच्या मुळाशी आहे. आपला तमाशातला सुरत्या इथे आठवल्याशिवाय राहत नाही. दोन खंडांत, एकमेकांची खबर नसताना, दाबलेल्या माणसांनी गाण्याचा सारखाच मार्ग शोधला. कष्टाच्या जागी एकटा आवाज पुरत नाही, मागून कुणीतरी झेलावा लागतो.

मा रेनी ही ब्लूज गायिका तंबूतल्या खेळांतून गावोगाव हिंडली. तिच्यानंतरची बेसी स्मिथ ही चॅटनूगा गावची. लहानपणीच आई-बाप गेले. भावाबरोबर रस्त्यावर गाऊन तिने पैसे मिळवले. १९२३ मध्ये तिची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली आणि ती प्रचंड खपली. पुढे ती स्वतःच्या रेल्वेच्या डब्यातून दौरे करू लागली. त्या डब्यात वैभव होते, तसाच नाइलाजही होता, कारण गोऱ्यांच्या हॉटेलांत काळ्या कलावंताला खोली मिळत नसे. २६ सप्टेंबर १९३७ रोजी मोटार अपघाताने तिचा मृत्यू झाला. हजारो माणसे अंत्ययात्रेला आली, पण कबरीवर नावाचा दगड बसायला १९७० साल उजाडले. तो दगड जॅनिस जॉप्लिन ही गोरी गायिका आणि हुआनिता ग्रीन ही कृष्णवर्णीय स्त्री यांनी मिळून पैसे घालून बसवला. गाण्यावर जीव टाकणारा समाज गाणारीच्या शेवटच्या खर्चापाशी मागे सरकतो, हे जगात इतरत्रही घडले आहे. म्हणून त्याचा दोष नशिबावर ढकलता येत नाही. ज्या समाजात ही माणसे जगली त्याने त्यांना कसे वागवले, हा प्रश्न दोन्हीकडे उरतो.

विठाबाईंकडे परत येतो. १९५७ मध्ये त्यांना राष्ट्रपतिपदक मिळाले, तेव्हा त्या जेमतेम बावीस वर्षांच्या होत्या. ज्या कलेवर दहा वर्षांपूर्वी बंदी घातली गेली, तिच्याच एका तरुण कलावतीला देशाने मान दिला. १९६२ च्या चीन युद्धाच्या वेळी त्या सीमेवरच्या जवानांसमोर नाचल्या-गायल्या. पुढे त्यांच्या स्वतःच्या नावाचा फड निघाला आणि 'विठाबाई' हे चार अक्षरांचे नाव जत्रेतल्या गर्दीची हमी झाले.

फड चालवणे म्हणजे काय, हे समजून घ्यायला हवे. एका मोठ्या फडात वादक, गायक, नाचणाऱ्या मुली, सोंगाडे, तंबू ठोकणारे, आचारी, चालक धरून साठ-सत्तर ते शंभराहून अधिक माणसे असतात. त्यांच्यासोबत ट्रक, कनात, जनरेटर, पडदे. हंगाम दसऱ्याला सुरू होतो आणि वैशाखात बुद्धपौर्णिमेच्या आसपास संपतो. उरलेले चार-पाच महिने माणसे उचल घेऊन जगतात. ती उचल मालकाने द्यायची आणि मालकाने ती सावकाराकडून आणायची. एखाद्या आठवड्यात अवकाळी पाऊस झाला, गावात तंटा झाला, तिकीटविक्री पडली, की कर्जाचे व्याज चढते. रात्री दौलतजादा उधळणाऱ्याला वाटते की बाईकडे पैसा वाहतो आहे. सकाळी तो पैसा डिझेल, पगार आणि व्याज यांत विरलेला असतो. विठाबाई राणीसारख्या दिसत होत्या तेव्हाही हा हिशेब त्यांच्या डोक्यावर होताच.

आता त्या प्रसंगाकडे येतो, ज्यामुळे त्यांचे नाव तमाशा न पाहिलेल्यांनाही माहीत आहे. विठाबाईंचे दिवस भरले होते, तरी खेळ लागला होता. नाचताना कळा सुरू झाल्या. त्या पडद्यामागे गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ ठेचली, बाळाला कापडात गुंडाळून बाजूला दिले आणि पुन्हा बोर्डावर आल्या. प्रेक्षकांच्या लक्षात आले तेव्हा त्यांनीच खेळ थांबवायला लावला. ही हकिकत वर्षानुवर्षे सांगितली जाते आणि योगिराज बागूल यांच्या 'तमाशा : विठाबाईच्या आयुष्याचा' या चरित्रापासून वर्तमानपत्री लेखांपर्यंत ती पोहोचली आहे.

आपण ती कशी सांगतो याकडे लक्ष द्या. कलेवरची निष्ठा, मराठी बाईची जिद्द, असे म्हणून सांगतो, आणि सभागृहात टाळ्या पडतात. मला या टाळ्यांविषयी गंभीर तक्रार आहे. विठाबाईंची हिंमत थक्क करणारी होती, यात शंका नाही. पण नऊ महिने भरलेल्या बाईला त्या रात्री चाळ का बांधावे लागले, हा प्रश्न आपण विचारत नाही. सुपारी घेतली होती, खेळ रद्द झाला तर पैसे परत करावे लागले असते आणि मागे पाऊणशे पोटे होती, हेच त्याचे उत्तर असणार. गिरणीतल्या कामगार बाईला बाळंतपणाच्या रजेत आर्थिक लाभ मिळावा म्हणून मुंबई प्रांताने १९२९ मध्येच कायदा केला, आणि १९६१ मध्ये सबंध देशासाठी मातृत्व लाभ कायदा झाला. पण नाचणे-गाणे हे काम आहे, ते करणारी बाई कामगार आहे, असे तेव्हा कुणाला वाटले नाही. म्हणून तो कायदा कनातीच्या आत शिरला नाही. त्या रात्री विठाबाईंनी जे केले ते त्यांचे शौर्य. ते त्यांना करावे लागले, ही आपली नामुष्की. यापुढे कुणी हा प्रसंग सांगेल तेव्हा या दोन्ही गोष्टी सांगाव्यात.

१९९० मध्ये त्यांना दुसऱ्यांदा राष्ट्रपतींचा सन्मान मिळाला. तोवर काळ बदलला होता. गावोगाव व्हिडिओ आणि दूरचित्रवाणी आली. प्रेक्षक वग थांबवून हिंदी सिनेमातल्या गाण्याची फर्माईश करू लागला. वय झालेल्या कलावतीला फडात जागा उरत नाही. तिला विमा नसतो, बहुधा घरही नसते. दोन राष्ट्रीय सन्मान मिळवलेल्या विठाबाईंचे अखेरचे दिवस हलाखीत गेले. १५ जानेवारी २००२ रोजी त्या गेल्या. दवाखान्याचे बिल भागवायला दात्यांना पुढे यावे लागले. त्यानंतर २००६ पासून महाराष्ट्र शासनाने तमाशातल्या ज्येष्ठ कलावंताला विठाबाईंच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार द्यायला सुरुवात केली. कांताबाई सातारकर, गुलाबबाई संगमनेरकर यांच्यासारख्या थोर कलावतींचा त्याने सन्मान झाला. पुरस्कार चांगला आहे, तो चालू राहावा. पण ज्यांना औषधाची गरज होती त्यांच्या नावाने आपण नंतर पुरस्कार सुरू केला, हा क्रम चुकला हे मान्य करायला हवे.

हा क्रम आपण पुन्हा पुन्हा चुकवतो. वाईच्या यमुनाबाई वाईकर १९१५ च्या. कोल्हाटी समाजातल्या, लहानपणी पोटासाठी भीक मागावी लागलेल्या. त्यांना पद्मश्री मिळाली २०१२ मध्ये, म्हणजे वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी. लावणीसम्राज्ञी सुलोचना चव्हाण यांना ती मिळाली २०२२ मध्ये, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्या गेल्या. लोककलावंताने मान मिळवायचा तर आधी दीर्घायुषी व्हायचे, असा जणू नियम आहे. विठाबाईंना तेवढे आयुष्य मिळाले नाही.

विठाबाईंचा वारसा मात्र तुटला नाही. त्यांच्या कन्या मंगला बनसोडे यांनी आपला फड उभा केला, २०१० मध्ये आईच्या नावाचा तोच जीवनगौरव पुरस्कार त्यांना मिळाला, आणि त्यांचे चिरंजीव नितीनकुमार त्याच बोर्डावर उभे राहिले. नारायण खुड्यांपासून मोजले तर ही पाचवी पिढी. संगीताच्या घराण्यांचा आपण आदराने उल्लेख करतो, तेव्हा या घराण्याचाही करायला काहीच हरकत नसावी. आजही गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे कारभारी तिथे जाऊन जत्रेच्या सुपाऱ्या ठरवतात. २०२० आणि २०२१ मध्ये कोरोनामुळे जत्रा बंद राहिल्या, तेव्हा त्या राहुट्यांत शुकशुकाट होता. हातातली ढोलकी ठेवून माणसे मोलमजुरीला गेली. विठाबाईंच्या मृत्यूनंतर वीस वर्षे होत आली तरी फडाखालची जमीन तेवढीच भुसभुशीत होती, हे त्या दोन वर्षांनी दाखवून दिले.

म्हणून पनवेलकरांनो, शेवटी काही मागण्या करतो. आपल्यापैकी जे गावच्या जत्रेची वर्गणी देतात, त्यांनी पुढच्या चैत्रात जत्रा कमिटीला तीन गोष्टी विचाराव्यात. सुपारी ठरली तेवढी, खेळ संपल्यावर लगेच हातात पडते का? कलावतींना कपडे बदलायला आणि विश्रांतीला आडोसा, पाणी आणि शौचालय आहे का? वगाला वेळ दिला जातो, की चार गाण्यांवर खेळ आटोपायला लावतात? हे विचारायला सरकारी आदेश लागत नाही. वर्गणी देणाऱ्याचा तो हक्क आहे.

दुसरी मागणी शहराकडे आहे. आपल्या शहरात आद्य क्रांतिवीर वासुदेव बळवंत फडके यांच्या नावाचे नाट्यगृह आहे. तिथे वर्षातून काही तारखा गण-गवळणीपासून वगापर्यंतच्या पूर्ण तमाशासाठी रास्त भाड्यात राखून ठेवाव्यात आणि आपण कुटुंबासह तिकीट काढून जावे. फुकटचा पास मागू नये.

तिसरी मागणी घराघरांकडे आहे. पनवेल-उरण परिसरातल्या म्हाताऱ्या धवलारिणींचे धवले त्यांच्या संमतीने ध्वनिमुद्रित करून आपल्या वाचनालयांत जपून ठेवावेत, आणि त्या कामाची बिदागी त्यांना रोख द्यावी. गाणारी हयात असताना तिचे गाणे जपणे हे तिच्या फोटोला हार घालण्यापेक्षा कमी खर्चाचे आणि जास्त उपयोगाचे काम आहे.

विठाबाईंना महाराष्ट्राने टाळ्या भरपूर दिल्या. त्यांचे देणे मात्र बाकी राहिले. ते आता त्यांना फेडता येणार नाही. त्यांच्या मागून येणाऱ्यांना मोबदला, निवारा आणि औषधपाणी मिळाले पाहिजे, आणि ते या कलावती हयात असताना मिळाले पाहिजे.